उरलेलं इन्सुलिन

बारामती
१७ एप्रिल २०२५

प्रिय मोनाली,
जय भीम.

फोन करत नाही. प्रगती शेजारच्या खोलीत असते आणि तुझा मोबाइल दिवसभर आमूच्या हातात असतो. दोघींना कळू नये असं काही विचारायचं आहे. म्हणून कागद.

रविंद्रनं चौदा एप्रिलचा फोटो पाठवला. कोऱ्हाळ्याच्या घरासमोर सगळी पोरं पांढऱ्या कपड्यांत, आई मधे खुर्चीवर. आपला भाऊ दर वर्षी पोरांना उंचीनं उभं करतो. या वर्षी त्यानं प्रगतीला दंडाला धरून पुढच्या ओळीत आणलं आणि आमूला मागं नेलं. "ताई, हिला जरा युरिया टाक," म्हणाला. सगळे हसले. तूही हसलीस. फोटोत दिसतं.

माझी प्रगती तुझ्या आम्रपालीपेक्षा दहा महिन्यांनी मोठी आहे. दोघींना मधुमेह एकाच वर्षी निघाला, इन्सुलिनशिवाय जगता येत नाही तो. प्रगतीला इथं चांगल्या डॉक्टर आहेत, इन्सुलिन टोचायचं पेन आहे, नव्या प्रकारचं इन्सुलिन आहे. आमूला तू इंदापूरच्या सरकारी दवाखान्यातली बाटली देतेस. कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. जसं आहे तसं लिहिते.

गेल्या आठवड्यात प्रगतीच्या डॉक्टरांनी, सुधा मॅडमनी, रक्त तपासून घेतलं. मला कळलं ते असं. वाढीचा हार्मोन मेंदूजवळच्या ग्रंथीतून निघतो. मूल वाढवण्याचं बरंचसं काम तो यकृताकडून करून घेतो. त्याचा निरोप मिळाला की यकृत आणखी एक पदार्थ रक्तात सोडतं. त्याला आयजीएफ-वन म्हणतात. प्रगतीचा तो वयाच्या मानानं फार कमी निघाला. मॅडम म्हणाल्या, निरोप ऐकू यायला यकृताला इन्सुलिन लागतं. निरोगी माणसाचं इन्सुलिन आधी यकृतात जातं. सुईनं घेतलेलं आधी कातडीखाली, मग सगळ्या शरीरात, आणि यकृताला उरलंसुरलं.

मग आमूच्या यकृताला कसं ऐकू येतं? तू तिला कोणती बाटली देतेस, कधी देतेस, बरोबर आणखी काय देतेस? खरं सांग.

या जूनला तुला पाठवायला प्रगतीचे कपडे नाहीत. तिला मागच्या वर्षीचेच येतात.

तुझी
ताई


वरकुटे
२६ एप्रिल २०२५

ताई,
जय भीम.

पत्र पोचलं. पोस्टमन म्हणाला, "वैनी, कोर्टाचं काय लफडं हाय का? हल्ली दुसरं कोण पत्र पाठवतंय?" म्हटलं, कोर्टच हाय, थोरल्या बहिणीचं.

मी हसले, व्हय. दहावीला नंबर तुझा, मास्तरकी तुला, बारामती तुला, पेन तुला. एक पोर उंच निघाली माझी, तर तू रक्त तपासून आलीस.

यकृताचं वाचलं. म्हणजे यकृत कालव्याच्या शेपटाला हाय. पाणी आधी वरच्यांना, मग मधल्यांना, आणि शेपटाला पोचलं तर पोचलं. हे आमाला इंदापूरकरांना शिकवायला डॉक्टर कशाला पाहिजे? तुमी वर बसून पाणी घेता, ते आमी जन्मापासून बघतोय.

तू विचारलंस ते सांगते. सकाळी आणि रात्री दुधासारखी गढूळ बाटली. जेवायच्या आधी साधी, पाण्यासारखी. गढूळ बाटली तळहातात हळूहळू फिरवायची, जोरात हलवायची न्हाय. उन्हाळ्यात वीज जाती म्हणून माठाच्या बुडाशी ओल्या वाळूत डबा ठेवून त्यात ठेवते. सुई मीच देते. ती झगा वर करून पोट पुढं करती आणि शाळेतलं सांगत बसती. कोण कुणाशी बोलत न्हाय, कुणाला छडी बसली. संपलं. खायला बाजरीची भाकरी, अंडं, कालवण. लपवलेलं काय न्हाय.

आता मी एक विचारते. पेनाची सुई लागतच न्हाय का? कोऱ्हाळ्याला प्रगतीनं आमूला पेन दाखवलं. घरी आल्यावर आमूनं माझी सुई बघून पहिल्यांदा डोळे मिटले. त्या दिवसापासून मलाच ती सुई जाड दिसायला लागली.

कपडे न्हाईत तर राहू दे. आमूचा मागल्या सालचा पांढरा ड्रेस कपाटात हाय. प्रगतीला येईल. पाठवू का?

मोनाली


बारामती
११ मे २०२५

प्रिय मोनाली,

ड्रेस नको.

बरंच वाचलं. निरनिराळ्या इन्सुलिननं रक्तातले वाढीचे हार्मोन वेगवेगळे राहतात का, यावर परदेशात अभ्यास झाले आहेत. सगळं कळलं नाही. पण एक गोष्ट कळली आणि ती कळल्यावर मला झोप लागली नाही.

प्रगतीचं नवं इन्सुलिन दिवसरात्र सपाट चालतं, टेबलासारखं. तुझी गढूळ बाटली रात्री दिली की काही तासांनी चढते आणि पहाटेकडे उतरते, टेकडीसारखी. वाढीचा हार्मोन झोपेत जास्त सुटतो. म्हणजे निरोप येतो त्याच वेळी आमूच्या यकृतावर इन्सुलिनची टेकडी असते. प्रगतीच्या यकृतावर टेबल. इतकं साधं आहे.

तुमच्या गावचा मानसिंग दूध घेऊन रोज बारामतीला येतो. त्याच्याबरोबर हा थर्मास पाठवते. आत बर्फ आहे आणि पेनात घालायच्या काचेच्या कांड्या आहेत, प्रगतीच्या रात्रीच्या इन्सुलिनच्या. माझ्या फ्रिजच्या दारात दोन डबे उरले होते, त्यातला एक तुला. तुला नवं हवं आहे, मला जुनं. तू मला रात्रीच्या गढूळ बाटल्या आणि त्यांच्या सुया याच थर्मासातून पाठव.

पेन एकच आहे, ते देता येत नाही. तुझ्या सुईनं कांडीतून काढून घे.

डॉक्टरांना मधे आणायची गरज नाही. औषध दोन्हीकडचं इन्सुलिनच आहे.

तुझी
ताई


वरकुटे
१८ मे २०२५

ताई,

मानसिंगनं थर्मास दिला. म्हणाला, "वैनी, आइस्क्रीम हाय का?" म्हटलं, व्हय, बारामतीचं हाय, आमाला पचतंय का बघू.

कांड्या बघितल्या. केवढ्याशा, पाण्यासारख्या स्वच्छ. आमूनं उजेडात धरून बघितली. म्हणाली, "आई, हे श्रीमंत इन्सुलिन." मी तिच्या हातातून काढून घेतली.

रात्रीच्या दोन बाटल्या आणि सुया पाठवते. आमच्याकडं भरपूर हायत. तू काळजी करू नको.

कांडी अजून उघडली न्हाय. पेनाबिगर काढायची म्हणजे हात घाबरतो. तू प्रगतीला देऊन बघ, मग लिही. तू पुढं, मी मागं. नेहमीसारखं.

मोनाली


बारामती
२२ जून २०२५

प्रिय मोनाली,

लिहावं की नाही असं झालं होतं. दृष्ट लागते यावर माझा विश्वास नाही, तरी.

तुझ्या बाटलीनं प्रगतीची साखर उतरली. मॅडम दोन वर्षं मात्रा वाढवत होत्या आणि साखर हलत नव्हती. जुन्या बाटलीचं रात्रीचं इन्सुलिन मी तेवढ्याच मात्रेनं सुरू केलं, तर पहिल्याच आठवड्यात तिला घाम फुटला, हात कापायला लागले. साखर खायला घातली. मग मात्रा कमी केली, पुन्हा कमी केली. आता निम्म्यात भागतं. विचार कर, किती जोरकस आहे ते. तुम्ही फुकट घेता आणि किंमत ठाऊक नाही.

पेन तिचं तीच घेत असे. ही सुई मीच देते, तिला भरता येत नाही. ती आता जेवते. गाल वर आले आहेत. परवा वर्गात बाईंनी तिला फळा पुसायला बोलावलं, म्हणाली, हात वरपर्यंत पोचला. तसं लगेच होत नाही हे मला कळतं. तरी मी दोनदा विचारलं, कुठपर्यंत?

तू अजून कांडी उघडली नाहीस का? घाबरण्यासारखं काही नाही. मात्रा तीच ठेव. सुईवर जिथपर्यंत बाटलीतून घेतेस तिथपर्यंतच कांडीतून घे. रेघ तीच.

आणखी बाटल्या असतील तर पाठव.

तुझी
ताई


वरकुटे
२७ जून २०२५

ताई,

पत्र वाचलं. आणखी बाटल्या न्हाईत.

चांगलं झालं म्हणायला पाहिजे. म्हटलं. पण पत्र वाचल्यापासून मला असं वाटतंय, की माझ्या पोरीच्या हाडातलं काढून तुझ्या पोरीला घातलं. माझे मालक, अनुप, म्हणाले, "अगं, औषध हाय ते, वाटणीतली जमीन न्हाय." त्यांना काय कळतंय.

तुझी पोर माझ्या बाटलीनं वाढती, तर माझी तुझ्या कांडीनं का वाढू नये? आमूची उंची हायच. त्यावर ते टेबल बसलं तर कबड्डीत जिल्ह्याला जाईल.

आज रात्री कांडी उघडते.

मोनाली


बारामती
३ जुलै २०२५

प्रिय मोनाली,

तुझा फोन बंद आहे. आमूचाही निरोप प्रगतीला नाही. मानसिंगला विचारलं, तो नजर चुकवून "हायत, हायत" म्हणाला.

कांडीचा गुण आला असेल. आमू वाढली असेल आणि मला सांगायला जड जात असेल. असं असेल तर सांग. मी ऐकू शकते. मीही तुला प्रगतीचं सांगितलं होतं.

ताई


इंदापूर
७ जुलै २०२५

ताई,

वाढ झाली म्हणून फोन बंद न्हवता.

कांडी उघडली त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळची शाळा होती. कवायतीला रांगेत उभी असताना आमू खाली पडली. आमच्या शाळेत रांग उंचीनं असती, ती शेवटाला उभी होती, त्यामुळं पडलेली कुणाला लवकर दिसली न्हाय. बाईंनी गालात साखर चोळली. गुरुजींनी मोटरसायकलवर मधे धरून आणली.

दवाखान्यात साखरेची सलाईन लावली. एक बाटली उतरली की पोर डोळे उघडायची, जरा वेळानं पुन्हा बुडायची. दुसरी लावायची. पुन्हा तेच. तुझं इन्सुलिन दिवसरात्र सपाट चालतं, लिहिलं होतंस. चाललं.

डॉक्टर सुई हातात घेऊन म्हणाले, "ताई, ही सुई चाळीसची. तुमच्या बाटलीत एका मापात चाळीस असतात. या कांडीत तेवढ्याच मापात शंभर. रेघ तीच घेतलीत ना? अडीचपट गेलं." कांडीवर शंभर छापलेलं हाय. बारीक. मी वाचलं न्हाय. तू जगाचं वाचलंस. हे वाचलं होतंस का?

शुद्धीवर येताना तिला आईचं नाव विचारलं. तिनं तुझं नाव सांगितलं, प्रियदर्शनी. मी हितं उशाशी बसलेली. डॉक्टरांनी मलाच विचारलं, "तुमी कोण मग?"

आता बरी हाय. मात्रा नीट बसवायला ठेवून घेतली होती, उद्या सोडणार. तुझं उरलेलं होतं ते माझ्या पोरीला दिलंस. माझ्याकडनं मात्र चांगलं नेलंस.

मोनाली


बारामती
१३ जुलै २०२५

मोनाली,

आमू बरी आहे हे वाचल्यावर पुढचं वाचू शकले.

शंभर आणि चाळीसचं मला माहीत नव्हतं. पेनाला आकडा फिरवायचा असतो, रेघ नसते. मला माहीत असतं तर मी लिहिलं असतं. तू असं लिहितेस की मला माहीत होतं.

उरलेलं म्हणजे टाकाऊ नव्हे. माझ्याकडे जास्त होतं, तुझ्याकडे नव्हतं, म्हणून दिलं. लहानपणापासून तसंच चालत आलं आहे. दप्तर, स्वेटर, पुस्तकं. तेव्हा तू कधी उरलेलं म्हणाली नाहीस.

पहिल्या आठवड्यात प्रगतीलाही घाम फुटला होता, तुझ्या बाटलीनं. मी तुला दोष दिला नाही.

रविवारी येते. आमूला बघायचं आहे.

ताई


वरकुटे
१७ जुलै २०२५

ताई,

येऊ नको.

तुला दिलेल्या दोन बाटल्या उरलेल्या न्हवत्या. आमूच्या होत्या. तुझ्यापुढं कमी पडायचं न्हवतं, म्हणून भरपूर हायत असं लिहिलं. जूनच्या शेवटाला माझ्याकडं संपल्या, दवाखान्यातली तारीख लांब होती, तेव्हा कांडी उघडली. हे मी तुला सांगितलं न्हवतं. आता सांगितलं.

आता तू सांग. रोज सुई घेणाऱ्या पोरीच्या घरात इन्सुलिन उरत न्हाय. आमच्यात बाटली संपताना मी सुई वाकडी करून शेवटचा थेंब काढते. तुझ्या फ्रिजच्या दारात दोन डबे उरले कसे?

मोनाली


बारामती
३ ऑगस्ट २०२५

मोनाली,

तुझा प्रश्न आधी रागानं वाचला. उत्तर लिहायला बसले. 'मी वेळेवर आणते, म्हणून उरतं' असं लिहिलं आणि खोडलं. मग फ्रिज उघडला. दारात तेव्हाच्या उरलेल्या डब्याशेजारी नंतर आणलेला आणखी एक होता. मे महिन्यापासून मी तुझी बाटली देत होते, त्यामुळं तो तरी उरणं बरोबर होतं. आधीचे दोन उरणं बरोबर नव्हतं.

प्रगतीला विचारलं. ती गृहपाठ करत होती.

"तू जास्त आणतेस."

"मी हिशेबानं आणते."

"मग हिशेब चुकला असेल. तू मराठी शिकवतेस."

मी हसले नाही. तिनं पेन खाली ठेवलं. लिहायचं पेन.

"बेसिनमधे सोडायचे," ती म्हणाली.

"काय?"

"इन्सुलिन. आकडा फिरवायचा, सुई बेसिनकडे धरायची आणि बटण दाबायचं. टक टक टक वाजतं. तू दाराबाहेरून ऐकायचीस. वाजलं की म्हणायचीस, शाबास."

मोनाली, मी म्हणत असे. दोन वर्षं. हातात वह्या असायच्या तपासायच्या, मी दाराशी थांबायचे, टक टक ऐकायचे, शाबास म्हणायचे आणि निघून जायचे.

"रोज?"

"रोज नाही. कधी अर्धं घ्यायचे. उलट्या होणार नाहीत एवढं घ्यायचे."

"का?"

तिनं वही मिटली. मग म्हणाली, "आमूला मावशी देते."

मला कळलं नाही. मी म्हटलं, आमूकडे पेन नाही म्हणून देते, तुझ्याकडे पेन आहे.

"आमू सांगते, सुई घेताना ती मावशीला सगळं सांगते. मला विचारते, तू काय सांगतेस? मी तिला काय सांगू? माझी आई दाराबाहेर असते, असं?" आणि मग, "बाटली आली तेव्हा तू दिलीस. माझ्याजवळ बसलीस. ती बाटली ठेव ना."

म्हणून तुझ्या बाटलीनं साखर उतरली होती. बाटलीनं नव्हे. पहिल्यांदा पूर्ण इन्सुलिन पोटात गेलं होतं. मॅडमनी वाढवत नेलेली मात्रा पहिल्यांदा खरी गेली, म्हणून घाम फुटला.

सुधा मॅडमकडे दोघी गेलो. आणखी एक तुला सांगायचं आहे. मे महिन्यात, थर्मास पाठवण्याआधी, मी त्यांना विचारलं होतं. इन्सुलिन बदलू का, टेकडी, टेबल, सगळं. त्यांनी नाही म्हटलं होतं. डॉक्टरांना मधे आणायची गरज नाही, असं तुला लिहिलं तेव्हा ते उत्तर माझ्याकडे होतं.

या वेळी त्यांनी शांतपणे सांगितलं. इन्सुलिनच्या प्रकारानं यकृतातल्या त्या पदार्थात फरक दिसतो, पण थोडा, आणि सगळ्या अभ्यासांत सारखा नाही. इन्सुलिन कमी पडलं की मेंदूचा निरोप उलट वाढत जातो. वाढीचा हार्मोन रक्तात भरपूर आणि यकृत बहिरं. वर जो थोडा पदार्थ तयार होतो त्यालाही दुसरा एक पदार्थ धरून ठेवतो, कामाला लागू देत नाही. "हा सगळा फरक घेतलेल्या इन्सुलिनमधला आहे," त्या म्हणाल्या. "न घेतलेल्याला प्रकार नसतो."

पेन पुन्हा सुरू केलं, मात्रा नव्यानं ठरवून. आता पेन माझ्या हातात असतं. रात्री मी तिच्याजवळ बसते. ती काही सांगत नाही. शाळेतलं अजून आमूलाच सांगते.

प्रियदर्शनी


वरकुटे
१४ ऑगस्ट २०२५

ताई,

तुझं पत्र शेतात बसून वाचलं, घरात न्हाय.

प्रगतीवर ओरडू नको. तिनं माझ्याबद्दल असं बोलावं हे ऐकून मला जे वाटलं, ते तुला लिहिलं तर तुला झोंबेल. म्हणून लिहीत न्हाय. पण वाटलं.

दवाखान्यातनं पुन्हा गढूळ बाटली मिळाली. तीच देतोय. देतोय म्हणजे आमू घेती. घरी आल्यावर पहिल्या रात्री मी सुई भरली, तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, "राहू दे आई, मी बघती." आधी सुईवरचं वाचलं, मग बाटलीवरचं वाचलं, मग पुन्हा सुईवरचं. मग आत गेली आणि दार लावलं.

रोज दार लावती. शाळेतलं काय सांगत न्हाय. मी बाहेर उभी राहते. तुझ्या पेनाला टक टक तरी होतं. सुईला आवाज नसतो.

तू आता आत बसतीस. मी बाहेर. बघ कशी अदलाबदल झाली.

मोनाली


बारामती
११ जानेवारी २०२६

प्रिय मोनाली,
जय भीम.

पाच महिने लिहिलं नाही. तू लिहिशील म्हणून थांबले, मग तू का लिहावंस हे कळलं.

प्रगतीचं रक्त पुन्हा तपासलं. तो पदार्थ वर आला आहे. वयाला हवा तेवढा नाही, पण चढतो आहे. तिची उंची दोन बोटं वाढली. नवं काही केलं नाही. तेच पेन, तेच टेबल. आठवड्यापूर्वी तिनं सुई घेताना पहिल्यांदा शाळेतलं सांगितलं. एका मुलीनं दुसरीच्या डब्यातलं आम्लेट खाल्लं आणि आळ प्रगतीवर आला. एवढंच. मी रात्रभर ते आठवत होते.

हे तुला सांगू की नको, याचा विचार केला. न सांगणं हेही एक प्रकारचं मिरवणंच झालं असतं.

एप्रिलमधे रविंद्र पुन्हा उंचीनं उभं करेल. करू दे. प्रगती पुढच्या ओळीतच असेल.

एक मागते. आमूचा तो पांढरा ड्रेस अजून कपाटात असेल तर पाठव. प्रगतीला येईल.

तुझी
ताई


वरकुटे
१८ जानेवारी २०२६

ताई,
जय भीम.

मानसिंगकडं थर्मास देतेय. तुझाच हाय, इतके दिवस फडताळात होता. रिकामा हाय. परत पाठवू नको.

दोन बोटं वाढली, वाचलं. बरं वाटलं. बरं वाटलं आणि लगेच उठून आमूला भिंतीला उभी केली. ती म्हणाली, "आई, आता काय झालं?" म्हटलं, काय न्हाय, सरळ उभी राहा. मागल्या खुणेवरच हाय. तिची वाढ आता थांबत आली म्हणतात, पोरींची लवकर थांबती. तुझ्या पोरीची उशिरा सुरू झाली, म्हणजे अजून चालेल. तुझं चांगलं ऐकलं की मी मोजायला उठते. हे काय जायचं न्हाय माझ्यातनं.

आमू आता दार पूर्ण लावत न्हाय. काल आतनंच हाक मारली, "आई, किती रेघा, बघ गं." मी चष्मा शोधेपर्यंत तिनं घेतली होती. पण हाक मारली.

ड्रेस थर्माससोबतच्या पिशवीत हाय. धुऊन, इस्त्री करून. खाली घेराला चार बोटं दुमडून आत शिवलंय, आमूच्या वेळी ठेवलं होतं, ती एकदम वाढली म्हणून उसवायची वेळच आली न्हाय. तू एकदम उसवू नको. पोर वाढंल तशी थोडी थोडी उसव.

उसवलीस की कळव. मी जळेन. तरी कळव.

मोनाली